पावती क्रमांक १०४०३

सावर्ड्याच्या वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं काढली.
टिपर चढे, काटा थरथरे, मी आकडा लिही,
टिपर उतरे, मागं लाल धूळ.

खाणी थांबल्या त्या संध्याकाळी
शेवटची पावती फाडली ती कायतानच्या टिपरची.
दहा हजार चारशे तीन.
वरची प्रत त्यानं नेली,
माझ्याकडे राहिली कार्बनची, निळसर.

मग जेटीवर बार्जी नुसत्याच उभ्या.
झुआरीला भरती यायची, उतरायची,
कुणी विचारत नव्हतं.
मी तो क्रमांक समोर घेतला, म्हटलं
बघू तरी,
हा फुटतो का.

शेवटी तीन: म्हणजे दोन बाद, पाच बाद.
अंकांची बेरीज आठ: तीनही बाद.
एवढं तर पोरगं चालता चालता करील.
सातानं भागलं, एक उरला.
एकच;
काजूच्या वाटणीत एका बोंडूवरून भावाभावांत बोलणं बंद होतं, तसा एक.
तेरानं तीन. सतरानं सोळा,
आणखी एक असता तर बसला असता.
एकाहत्तरानं सदतीस उरले
आणि त्र्याहत्तरानंही सदतीसच.
दोनदा तपासलं. चूक नव्हती.

कुठवर जायचं ते ठाऊक होतं.
एकशे दोनला एकशे दोननं गुणलं की आकडा ओलांडतो.
त्यापलीकडचा कुणी भाग लावत असेल
तर त्याचा धाकटा भागीदार अलीकडेच सापडला असता.
मोठे कधी एकटे येत नाहीत.

सत्त्याण्णवनं चोवीस.
आता एकच राहिला होता, एकशे एक,
आणि मला मनातून वाटू लागलं होतं
की हा न फुटणारा.
निकालाआधीच पेढे आणावेत तसं काहीसं.

एकशे एक गुणिले एकशे तीन.
बाकी शून्य.

"कितें मेजता रे?" दारात कायतान,
आणि मागं त्याची आवेलिना, मडगावला शिकते ती.
तिनं कागद बघितला. बसलीसुद्धा नाही.
"अंकल, एक मिळवा."
मिळवला. एकशे दोनचा वर्ग.
"वर्गातून एक काढला
की एक पाऊल मागं, एक पाऊल पुढं."
माझे तेवीस भागाकार, तिची एक बेरीज.

मी थोडा चिडलोच.
"आणि आकडा बोरीच्या पुलाएवढा लांब असला तर?"
"मग भागत बसायचं नाही, जन्म पुरत नाही.
साक्षीदार बोलवायचा.
दोन घ्या. संख्येहून एक कमी, इतके दोन मांडा,
गुणत चला, दर वेळी संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवा.
शेवटी एक उरला नाही तर संख्या फुटते, नक्की.
कुठे फुटते ते तो सांगत नाही."
"आणि एक उरला तर?"
"तर बहुतेक मूळ. बहुतेक.
तीनशे एक्केचाळीस म्हणजे अकरा एकतीस,
तरी दोन तिथं शपथेवर सांगतो, अखंड आहे म्हणून.
तीनला विचारलं की खोटं बाहेर येतं.
एका साक्षीवर विसंबू नये, अंकल."

कायतान इतका वेळ गप्प होता.
म्हणाला, "काट्यासारखंच की.
जास्त भरलंय एवढं सांगतो,
कुठल्या कोपऱ्यात, ते नाही."

ती दोघं गेल्यावर पावतीपुस्तक काढलं.
पुढची पावती कोरी आहे अजून,
कोपऱ्यात लाल छापील १०४०४.
त्या संध्याकाळी कायतानच्या मागं
एक टिपर रांगेत होता, भरलेला.
फाटकातूनच परत फिरवला आम्ही.
कुणाचा होता,
आठवत नाही.